ऑक एकच, मग उत्तरं दोन का?

एका फाइलमध्ये पाटील हे आडनाव इंग्रजीत तीनदा लिहिलंय. एकदा सगळी अक्षरं कॅपिटल, एकदा सगळी स्मॉल, एकदा फक्त पहिलं कॅपिटल. 'पाटील किती?' हे मोजणारी ऑक स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर ३ म्हणते. तीच स्क्रिप्ट, तीच फाइल उबुंटू सर्व्हरवर टाकली की उत्तर येतं १. एरर नाही, वॉर्निंगही नाही.

ऑक ही मजकूर आणि रकाने चाळणारी भाषा १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजेच ऑक. पुढे तिची प्रमाणित व्याख्या 'पॉसिक्स'मध्ये आली. पण तुमच्या मशीनवर 'ऑक' टाइप केल्यावर नेमकं काय धावतं, ते मशीनवर ठरतं. फेडोरावर ग्नू प्रकल्पाचा गॉक, तर डेबियन-उबुंटूवर बहुधा मॉक.

गॉकने प्रमाणाबाहेरच्या बऱ्याच सोयी दिल्यात आणि त्या खरंच कामाच्या आहेत. 'इग्नोअरकेस'ला १ ही किंमत दिली की कॅपिटल-स्मॉलचा भेद संपतो. 'एफपॅट'मुळे अवतरणचिन्हांतला, स्वल्पविराम असलेला पत्ता एकाच रकान्यात राहतो.

गोची अशी, की ऑकमध्ये व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागत नाही. त्यामुळे मॉकला 'इग्नोअरकेस' हे तुम्ही ठेवलेलं कुठलंसं नाव वाटतं. तो १ साठवतो आणि पुढे जातो. त्यामानाने 'एसॉर्ट' हे गॉकचं फंक्शन बरं, मॉक ते पाहून निदान थांबतो तरी.

उमेदवारांची यादी चाळताना मी हा फटका खाल्लाय. सहकाऱ्याने हाताने मोजलं म्हणून बातमी वाचली. (इंजिनिअरिंगची डिग्री तेव्हा काही उपयोगी पडली नाही.)

म्हणून या सोयी वापरूच नका, हा सल्ला मला पटत नाही. वापरा, पण लपवू नका. गॉक 'लिंट' पर्यायासह चालवला की कुठली गोष्ट फक्त त्याची आहे, ते तो सांगतो. 'पॉसिक्स' पर्याय दिला की त्या सोयी बंद होतात, म्हणजे दुसरीकडे काय होईल याचा अंदाज घरीच येतो. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ऑक नाही, गॉक लिहा. सर्व्हरवर तो नसेल तर स्क्रिप्ट सुरूच होणार नाही. मग ॲडमिनला फोन करून गॉक टाकून घ्या.