थांबायला शिकवणारी यादी

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत इबादत वाढावी, अशी अपेक्षा असते. त्याच रात्री अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ल्याचे बाजार तरावीहनंतरही गजबजलेले असतात. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे तर वस्तू आवडणे आणि पैसे जाणे यांत क्षणाचेही अंतर उरलेले नाही.

रोजा हेच अंतर राखायला शिकवतो: पाणी समोर असले तरी मगरिबपर्यंत थांबायचे. खर्चालाही ही शिस्त लावता येते. निकडीची नसलेली वस्तू तारखेसह वहीत लिहावी, ईदनंतर पुन्हा पाहावी. तेव्हाही ती हवीशी वाटली, तर खुशाल घ्यावी.

ईदच्या नव्या कपड्यांना इस्लामची मनाई नाही. मनाई इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला आहे. यादीत पहिली ओळ मात्र फित्र्याची असावी. तो ईदच्या नमाजपूर्वीच गरजूंच्या हाती पडायला हवा.