पीएसए वाढलं म्हणजे लगेच बायोप्सी? प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीत एमआरआयने काय बदललं?

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. त्या बातमीत ‘ग्लीसन ९’ असा शब्द होता. कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा हा आकडा ६ ते १० असतो. ६ म्हणजे बहुतेक वेळा संथ, ज्यावर अनेकदा फक्त लक्ष ठेवतात. ९ म्हणजे धोक्याचा.

पण हा आकडा कळेपर्यंतची वाट सोपी नसते. सुरुवात होते रक्तातल्या पीएसए चाचणीपासून. पीएसए मात्र वयानुसार ग्रंथी मोठी झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. तरीही कित्येक वर्षं पीएसए वाढलं की बायोप्सी, असाच शिरस्ता होता. सोनोग्राफीवर ग्रंथी दिसायची, गाठ बहुतेकदा दिसायची नाही. मग ठरावीक दहा-बारा ठिकाणी सुई टोचायची. एक प्रकारे अंधारात तीर.

अंदाज कुठे चुकत होता?

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांवरचा ‘प्रॉमिस’ अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांची गरज असलेले कॅन्सर जुन्या बायोप्सीने ४८ टक्के पकडले, एमआरआयने ९३ टक्के. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ अभ्यासात आधी एमआरआय केलेल्यांपैकी २८ टक्के पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही.

एमआरआयला हे दिसतं कसं? साध्या भागात पाण्याचे रेणू मोकळेपणाने फिरतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, तिथे पाणी अडतं. ‘डिफ्युजन’ नावाच्या चित्रात तो भाग वेगळा उठून दिसतो. रेडिओलॉजिस्ट त्याला पाय-रॅड्स पद्धतीने १ ते ५ गुण देतात. ४ किंवा ५ असेल तर सुई थेट त्याच जागी जाते.

इथे एक गल्लत नेहमी होते. पाय-रॅड्स ५ म्हणजे ‘पाचव्या स्टेजचा कॅन्सर’ नव्हे. तो फक्त संशयाचा आकडा. पाणी जितकं जास्त अडलेलं, तितका कॅन्सर आक्रमक असण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण ग्लीसनचा आकडा आजही सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरतो.

कुरवंड्याहून एमआरआय किती लांब?

लोणावळ्याजवळ, नागफणीच्या अंगाला असलेल्या कुरवंड्यातल्या सत्तरीच्या आजोबांचं पीएसए वाढलं असं समजा. आधी लोणावळा गाठायचं, मग लोकलने पिंपरी किंवा पुणे. स्कॅनची एक खेप, बायोप्सीची दुसरी, रिपोर्टची तिसरी, आणि सोबत मुलाचा बुडालेला रोज. बायोप्सी टळली तर इथे फक्त सुई टळत नाही.

म्हणूनच २०२५ चा ‘प्राइम’ अभ्यास महत्त्वाचा. १२ देशांतल्या ४९० पुरुषांवर त्यात पाहिलं गेलं, की शिरेतून दिलं जाणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन वगळून केलेला छोटा एमआरआय पुरेसा ठरतो का. उत्तर जवळपास बरोबरीचं आलं: दोन्ही पद्धतींत महत्त्वाचा कॅन्सर २९ टक्के पुरुषांमध्ये सापडला. अर्ध्या-पाऊण तासाचं स्कॅन पंधरा-वीस मिनिटांत होतं. इंजेक्शनचा खर्च वाचतो आणि त्याच मशीनवर जास्त रुग्ण बसतात.

अट मात्र आहे. अभ्यासातल्या केंद्रांच्या स्कॅनचा दर्जा तपासलेला होता. धूसर स्कॅन आणि प्रोस्टेट फारसं न पाहिलेला डॉक्टर, या जोडीकडून तसाच निकाल मिळेल असं मानणं भाबडेपणाचं. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने १.५ टेस्लाचं स्वदेशी एमआरआय मशीन तयार केलंय, मार्च २०२५ मध्ये त्याच्या चाचणीसाठी दिल्लीच्या एम्सशी करारही झाला. मशीन स्वस्त झाली तर बरंच. पण तालुक्याला मशीन येईल, चित्र वाचणारा माणूस कुठून येणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

शिवाय स्वच्छ एमआरआयमध्येही काही कॅन्सर निसटतात, त्यामुळे पीएसए पुढेही तपासत राहावं लागतं. आणि क्रम महत्त्वाचा: बायोप्सी आधी झाली तर ग्रंथीत साकळलेलं रक्त चित्र बिघडवतं, मग स्कॅनसाठी काही आठवडे थांबावं लागतं. एमआरआय आधी करायचा का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं.