निकाल लागला, पत्र येईना



"बाई, ताई पास झाली ना? मग नोकरीवर का जात नाही?"

हा प्रश्न आमच्या चौथीच्या वर्गातला. विचारणारा शेवटच्या बाकावरचा, रोज पेन्सिल हरवणारा! ताई म्हणजे माझी मावसबहीण. २०२४ च्या जुलैत ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. मी तिला शाळेत घेऊन गेले आणि मुलांना सांगितलं, "ही ताई फार मोठी परीक्षा पास झालीय. तिला परराष्ट्र सेवेत जायचंय. म्हणजे परदेशातल्या भारताच्या वकिलातीत काम करायचंय." लगेच वरचा प्रश्न आला. ताई हसली खरी, पण मला ठाऊक होतं, गावात रोज दहा जण तिला हेच विचारत होते.

ही परीक्षा केवढी, ते आधी पाहा हं! केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाख १६ हजार ८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेतून १४,६२४ जण मुख्य परीक्षेपर्यंत पोचले. त्यातल्या २,८५५ जणांना मुलाखतीचं बोलावणं आलं. १६ एप्रिल २०२४ ला निकाल लागला, तेव्हा यादीत नावं उरली १,०१६. त्यात ताईचं नाव होतं. पेढे वाटून झाले. पण परराष्ट्र सेवेच्या जागा किती? फक्त ३७!

आता समजा, ताटात ५ करंज्या आहेत आणि पुष्कळ लाडू. रांगेत तुमचा नंबर आठवा आणि तुम्हाला हवी करंजीच. पुढच्यांनी लाडू उचलले, तर करंजी तुमची. त्यातल्या पाच जणांनी करंज्या उचलल्या, की संपलं! तुम्ही हात धुऊन शहाण्यासारखे उभे आहात, पण पुढच्याला काय आवडतं, ते काही तुमच्या हातात नाही. ताईचं तसंच होतं. यादीतला नंबर, प्रत्येकानं फॉर्मात भरलेली पसंती, राखीव जागा, वैद्यकीय तपासणी, हे सगळं जुळवून कोणाला कोणती सेवा द्यायची ते सरकार ठरवतं. त्याला काही महिने लागतात. आणि ताईचा नंबर असा, की मिळेलही आणि हुकेलही.

"मग तुम्ही दिवसभर काय करता?" एका मुलीनं विचारलं.

"सकाळी उठल्याबरोबर फोन बघते. मग स्वतःवरच चिडते," ताई म्हणाली. सगळे खो खो हसले. मग तिनं पिशवीतून एक वही काढली. परराष्ट्र सेवेत निवड झाली, की आधी मसुरीला आणि मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण असतं. शिवाय प्रत्येकाला एक परदेशी भाषा शिकावीच लागते. ताईनं आपली आपणच अरबी मुळाक्षरं गिरवायला घेतली होती. उजवीकडून डावीकडे लिहायचं, बरं का! तिनं फळ्यावर मुलांची नावं लिहून दाखवली.

पेन्सिलवाला पुन्हा उभा. "आणि तुम्हाला तिकडे घेतलंच नाही, तर वही वाया ना?"

ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "माहीत नाही रे. पण रिकामी बसले, की मला जास्त भीती वाटते."

मला माझे दिवस आठवले. डी.एड. झाल्यावर मीही काही वर्षं अशीच थांबले होते. हातात प्रमाणपत्र, पण भरतीच निघेना. पाहुणे आले, की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्या दिवसांत शेजारच्या चार मुलांना पाढे शिकवायला घेतले. त्यामुळे मला नोकरी लागली का? मुळीच नाही! भरती निघाली तेव्हाच लागली. पण पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले, तेव्हा सतराच्या पाढ्यात मुलं नेमकी कुठे अडखळतात, ते मला ठाऊक होतं.

श्रावणात ताईचा फोन आला. करंज्या तिच्या आधीच संपल्या होत्या. तिला महसूल सेवेतलं कस्टम्सचं काम मिळालं. ती रडली. 'जे होतं ते भल्यासाठी' असलं काही मी बोलले नाही. त्या वेळी तिला ते पटलं नसतं. शेवटी तीच म्हणाली, "मुलांना सांग हं. लपवू नकोस."

मी सांगितलं. वर्ग शांत झाला. पेन्सिलवाला म्हणाला, "म्हणजे ताईला लाडू मिळाला. लाडू काय वाईट नसतो, बाई."

आईबाबांनो, तुमच्या घरातही कोणी शिष्यवृत्तीच्या निकालाची, नवोदयच्या यादीची नाहीतर नोकरीच्या पत्राची वाट पाहत असेल. त्याला रोज "काय झालं तुझं?" असं विचारू नका. झालं, की तोच धावत येऊन सांगेल.

आणि मुलांनो, तुम्ही सध्या कशाची वाट पाहताय? तोवर हातात कोणती वही घेतलीत? मला पत्रानं जरूर कळवा.

तुमच्या बाई