रस्ता ओलांडणाऱ्याच्या बाजूने

(द्वितीय वर्ष कला)

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध आपण सर्वांनीच शाळेत लिहिला आहे. शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे’ असे लिहिले की दहापैकी सात गुण ठरलेले! पण त्या शस्त्राची मूठ कोणाच्या हातात आणि पाते कोणाच्या बाजूला, हे त्या निबंधात कोणी विचारत नसे. चालकाशिवाय धावणाऱ्या मोटारीविषयी आज जे बोलले जाते ते ऐकले की वाटते, हा प्रश्न आता तरी विचारायला हवा.

आपल्याकडे या मोटारीची चर्चा बहुधा एकाच मुद्द्यावर होते : चालकांच्या पोटाचे काय? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, अशा गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे चालकांचे रोजगार जातील. माझे वडील डोंबिवलीत शेअर रिक्षा चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी रिक्षाच्या मीटरवर उभी आहे. तेव्हा मंत्रिमहोदयांचे शब्द ऐकून आमच्या घरी बरे वाटले नसते तरच नवल.

परंतु दार लावून घेतल्याने वारा थांबत नाही. यंत्र एकदम ‘चालकविरहित’ अशी पाटी लावून येत नाही, तुकड्यातुकड्याने येते. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० बाजारात आली. तिच्या वरच्या प्रकारांत स्वतःहून ब्रेक लावण्याची व गाडी पट्ट्यांच्या आत ठेवण्याची सोय होती. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडले आणि सप्टेंबरमध्ये तिथली पहिली गाडी घेतली ती आपल्या ठाण्याचेच आमदार व राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी. या गाडीला पुढेमागे स्वतः चालण्याची विद्या हवी असेल तर ६ लाख रुपये जास्तीचे, असे कंपनीने दरपत्रकात लिहिले. तेवढ्या पैशात नवी रिक्षा येऊन वर पैसे उरतात. सांगायचा मुद्दा असा की, हा विषय आता घोडबंदर रस्त्यापर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून ‘येणार की नाही’ यापेक्षा ‘ती सुरक्षित कशी करणार आणि कोणासाठी’ हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते.

या गाड्या सुरक्षित करण्याचे दोन प्रतिस्पर्धी मार्ग आज जगात आहेत. तिसरा एक जुना मार्ग आहे, आणि तो तर आपण रोज वापरतो. या तिघांना मी एकच माप लावणार आहे. ज्या माणसाने ही गाडी विकत घेतलेली नाही, जो तिच्यात बसलेला नाही, फक्त तिच्या वाटेत रस्ता ओलांडतो आहे, त्याचे या मार्गात काय होते? हेच माप का, याला कारण आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत जवळजवळ ३३ हजार पादचारी होते आणि ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. मोटारीत बसणारा धोका पत्करून बसतो. पायी चालणाऱ्याला कोणी विचारलेलेच नसते.

पहिला मार्ग टेस्लाचा. माणूस केवळ डोळ्यांनी पाहून गाडी चालवतो, मग यंत्रालाही कॅमेरे पुरेत, असे ही कंपनी मानते. २०२१ पासून तिने आपल्या गाड्यांतला रडारसुद्धा काढून टाकायला सुरुवात केली. लाखो ग्राहक रोज गाडी चालवतात, त्यांच्या चालवण्यातून यंत्राने शिकावे आणि शिकून पुरे होईपर्यंत ग्राहकाने चाकावर बसून लक्ष ठेवावे, अशी योजना. ती स्वस्त आहे, झपाट्याने पसरणारी आहे, आणि कोणत्याही रस्त्यावर चालेल अशी तिची उमेद आहे.

मला हा मार्ग पटत नाही. कारण त्याचा सगळा भार ‘लक्ष ठेवणाऱ्या’ माणसावर आहे. ज्याला काही करायचे नसते त्याचे लक्ष राहत नाही, हे परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकांकडे पाहूनही कळते! गूगलने २०१३ च्या सुमारास आपल्या नोकरांना अशा अर्ध्या स्वयंचलित गाड्या वापरायला दिल्या. चित्रफिती पाहिल्या तर माणसे भर वेगात फोनशी खेळत होती, प्रसाधन करीत होती, झोपतही होती. गूगलने तो नाद तिथेच सोडला. टेस्लालाही डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २० लाख गाड्यांत दुरुस्ती करावी लागली, कारण चालकाचे लक्ष टिकवण्याची तिची व्यवस्था अपुरी असल्याचे सरकारी तपासात ठरले. आपल्या लोकलच्या मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते, हात सुटला तर गाडी थांबते. सोय उत्तम आहे. पण हात जागेवर आहे एवढेच मुठीला कळते, मन जागेवर आहे की नाही हे कळत नाही.

दुसरा मार्ग वेमो कंपनीचा. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या कामातूनच ही कंपनी निघाली. तिचे म्हणणे असे की, माणसाच्या हाती अर्धवट यंत्र देऊ नये. यंत्र पुरते तयार झाल्यावरच रस्त्यावर आणावे, आणि तेही ठरलेल्या हद्दीत. कॅमेरा, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार अशी तिन्ही साधने ती वापरते, म्हणजे एक चुकले तर दुसरे सांभाळील. ज्या शहरात जायचे त्याचा इंचाइंचाचा नकाशा आधी तयार केला जातो. ऑक्टोबर २०२० पासून अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात तिच्या बिनचालकाच्या टॅक्सीत कोणीही बसू लागले. पुढे तिने सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशी एकेक शहरे घेतली. स्विस री या विमा कंपनीबरोबर २०२४ मध्ये तिने सुमारे ४ कोटी किलोमीटरचा हिशेब मांडला. त्यात इजेबद्दलचे विम्याचे दावे माणसांच्या गाड्यांपेक्षा ९२ टक्क्यांनी कमी निघाले. हिशेबात कंपनी स्वतःच भागीदार आहे हे खरे, पण निदान तो लोकांपुढे आहे.

हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. ‘मला एवढेच रस्ते येतात’ असे तो सांगतो, आणि अपघात झाल्यास चाकावरच्या गरीब माणसाकडे बोट दाखवण्याची सोय त्यात नाही, कारण चाकावर माणूसच नाही.

तरी त्याच्याही मर्यादा आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या कितीतरी गाड्या चौकांत अडून उभ्या राहिल्या. वीज गेली म्हणून गोंधळणारी गाडी आपल्याकडे किती दिवस चालेल, हे वाचकांनीच ठरवावे. नकाशाचेही तसेच. कल्याणचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात वाहतुकीने किती वळणे घेतली! पण पूल ही तरी मोठी गोष्ट झाली. स्टेशनबाहेरचा रस्ता सकाळी असतो तो संध्याकाळी नसतो. भाजीच्या टोपल्या येतात, मांडव पडतो, पहिल्या पावसात खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवतो. ती फांदी आपल्याला सूचना म्हणून कळते. नकाशाला ती कळायची कशी?

दोन्ही मार्गांनी कायम ध्यानात ठेवावी अशी घटना १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपे गावी घडली. उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केले. सरकारी चौकशीत निघालेले सत्य अंगावर काटा आणते. धडक बसण्याच्या ५.६ सेकंद आधी यंत्राने तिला पाहिले होते. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे त्याला ठरवता येईना. झेब्रा पट्टे सोडून कोणी मध्येच रस्ता ओलांडील, ही शक्यताच यंत्र करणाऱ्यांनी त्याला शिकवली नव्हती. मूळ गाडीत कंपनीने बसवलेला आपोआप ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवलेला होता. आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती.

वाचकहो, झेब्रा पट्टे सोडून रस्ता ओलांडणारा माणूस ज्या यंत्राच्या कल्पनेत नाही, ते यंत्र कल्याण-शीळ रस्त्यावर आणले तर त्याच्या कल्पनेत कोण उरेल? आपल्यापैकी कोणीही नाही. म्हणून हैदराबादच्या आय. आय. आय. टी. संस्थेने इंटेल कंपनीच्या साहाय्याने केलेले काम मला मोलाचे वाटते. तिथल्या संशोधकांनी हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांची सुमारे १० हजार छायाचित्रे जमवून यंत्राला शिकवण्यासाठी खुली केली. त्यांत जनावरांना जागा आहे आणि ‘रिक्षा’ अशी स्वतंत्र वर्गवारीही आहे. यंत्राच्या जगात आधी आपली नोंद झाली पाहिजे, मग सुरक्षिततेचे बोलता येईल.

तिसरा मार्ग आपल्या दारातला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. रेल्वेने वाहनाला शहाणे करण्याच्या भानगडीत न पडता वाटच वेगळी केली. एका टप्प्यात एकच गाडी, आणि सिग्नलमध्ये बिघाड झाला तर तो लालच दिसावा, हा तिचा नियम. याच मार्गाने आज बिनचालकाची गाडी सर्वांत सुखरूप धावते. दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर ती २८ डिसेंबर २०२० पासून सुरू आहे. म्हणून काही जण म्हणतात, स्वयंचलित मोटारीसाठीही रस्ते मोकळे करा, माणसांना बाजूला सारा.

इथेच सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारी वाढल्या, तेव्हा रस्त्यावर मध्येच चालणे हाच गुन्हा ठरवला गेला. त्याआधी रस्ता सर्वांचा होता. आपल्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुणाई जमते, पाडव्याची शोभायात्रा निघते. तो रस्ता यंत्राच्या सोयीसाठी रिकामा केला तर सुरक्षित होईल, पण आपला राहणार नाही. शिवाय रुळांवरची गाडी सुरक्षित म्हणजे माणूस सुरक्षित, असेही नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडून मेले. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या नव्हत्या. गाडीला गाडीपासून जपण्याची विद्या आपल्याजवळ दीडशे वर्षे आहे, दारात लोंबकळणारा माणूस मात्र त्या विद्येच्या हिशेबाबाहेर राहिला.

तेव्हा माझे मत असे आहे. अर्धे यंत्र व अर्धा माणूस या पहिल्या मार्गापेक्षा, हद्द ठरवून संपूर्ण जबाबदारी घेणारा दुसरा मार्ग बरा. तिसऱ्या मार्गातून त्याने एक नियम उचलावा : शंका आली की आधी वेग कमी करायचा. माझे वडील हाच नियम आपल्या भाषेत सांगतात, “वळणावर गाडीकडे नाही, माणसाच्या मानेकडे बघायचं. मान वळली म्हणजे त्यानं आपल्याला बघितलं. नाही वळली, तर ब्रेकवर पाय.” जगभरचे अभियंते जे यंत्राला शिकवू पाहत आहेत ते यापेक्षा फार निराळे नसावे.

आणि तीन अटी असाव्यात. एक, यंत्र चालवीत असताना अपघात झाला तर जबाबदार कंपनी, चाकावर बसवलेला पगारी माणूस नव्हे. दोन, प्रत्येक अपघाताची संपूर्ण हकिगत जाहीर व्हावी. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या गाडीखाली सापडलेली बाई सुमारे २० फूट फरफटत गेली. कंपनीने ही गोष्ट अधिकाऱ्यांना सुरुवातीला पूर्णपणे सांगितली नाही, आणि तिचा परवाना निलंबित झाला. यंत्राची चूक एक वेळ समजू शकते, पण माणसांनी ती झाकणे समजू शकत नाही. तीन, या विद्येतला स्वतः ब्रेक लावणारा भाग आधी ट्रक आणि बसना मिळावा. मोटारीतल्या माणसाचा आराम नंतर पाहू.

रोजगाराचा प्रश्न यातून सुटत नाही, हे मी जाणते. पण यंत्र येऊ न देण्याच्या आश्वासनावर विसंबून राहण्यापेक्षा त्याच्या अटी ठरवण्यात आपला आवाज असणे अधिक भरवशाचे.

‘हे इंजिनिअरिंगवाल्यांचे काम, आपण कलाशाखेचे,’ असे काही मित्रमैत्रिणी म्हणतील. ब्रेक कसा लावायचा हे ते ठरवतील. पण कोणासाठी लावायचा, चुकल्यास कोणी उत्तर द्यायचे, रस्ता कोणाचा, हे प्रश्न आपण वर्गात शिकतो त्या समाजशास्त्राचे, राज्यशास्त्राचे आणि तर्कशास्त्राचे आहेत. ते आपण विचारले नाहीत तर दरपत्रक छापणारेच त्यांची उत्तरे देऊन मोकळे होतील.

तोपर्यंत निदान कॉलेजसमोरच्या रस्त्यावर पुसट झालेले झेब्रा पट्टे पुन्हा रंगवून मिळावेत, एवढा अर्ज तरी आपण सह्या करून नगरपालिकेला देऊ या. त्याला लायडार लागत नाही.