पानावरून पीक, डोळ्यावरून प्रकृती



पऱ्हाटीची पाने लाल पडली की आपण म्हणतो, लाल्या आला. पण जाणता शेतकरी पान पुसत बसत नाही. नत्र कमी पडले का, मॅग्नेशियम कमी पडले का, जमिनीत ओल आहे का, हे तो पाहतो. पान ही रोगाची बातमी असते. पिकाबद्दल एवढे शहाणपण असलेला माणूस स्वतःच्या डोळ्याबद्दल मात्र अडाण्यासारखा वागतो. धूसर दिसले की बाजारातला चष्मा, आणि चष्म्याने भागले नाही की ‘वय झाले’!

मी दुसऱ्याला नावे ठेवायला हे लिहीत नाही. माझ्याच घरात घडले आहे. आम्ही अलिबागकडच्या खारेपाटातले भातवाले. तुमच्याकडे पावसाची वाट पाहायची, आमच्याकडे बांध फुटून खाडीचे पाणी शेतात येईल म्हणून धास्ती. धंदा वेगळा, दुर्लक्ष मात्र सारखेच. माझ्या थोरल्या भावाने दोन वर्षांत तीन चष्मे बदलले, तिन्ही बाजारातले. पुढे मोतीबिंदूचे शिबिर आले तेव्हा वहिनीने ओढून नेले. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, दिवा धरून आत पाहिले आणि विचारले, “काका, शुगर कधी तपासली होती?” कधीच नव्हती. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते-ओसरते, म्हणून नंबर सारखा बदलत होता. आम्ही चष्मे बदलत राहिलो आणि आत पडद्यावर रक्त झिरपत राहिले. डावा डोळा गेला. उजवा वाचला, तो त्या तपासणीमुळे.

यात जादू नाही. अंगावर कुठेही न कापता आतल्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस उघड्यावर दिसते ती एकाच जागी, डोळ्याच्या पडद्यावर. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झने 1851 साली ती पाहण्याचे साधन जगापुढे मांडले. तेव्हापासून डॉक्टर बाहुलीच्या खिडकीतून शरीरात डोकावत आहेत. मधुमेहात त्या वाहिन्यांना बारीक फुगे येतात, त्या पाझरतात. रक्तदाब जुना असेल तर वाहिन्या आकसतात, एकमेकींना दाबतात. नसेचे टोक सुजले असेल तर डोक्यात दाब वाढल्याची शंका येते. बाहेरूनही पुष्कळ कळते. खालची पापणी आतून पांढुरकी असेल तर अंगात रक्त कमी, पांढरे बुबुळ पिवळे असेल तर कावीळ, पोराला तिन्हीसांजेला दिसेनासे झाले तर अ जीवनसत्त्वाची वाण.

कापूसवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. दिसेनासे झाले, अशी पुष्कळांची तक्रार होती. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचे विष अंगात भिनले की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, डोळे गळतात, घाम फुटतो, उलटी होते. फवारणारा गडी असा दिसला तर घरी थांबू नका. कपडे उतरवा, अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

कोणी म्हणेल, डोळ्यात सगळेच कळते तर रक्त कशाला तपासायचे? डोळा बोट दाखवतो, निदान रक्ताच्या आणि रक्तदाबाच्या तपासणीनेच पक्के होते. डोळा चांगला निघाला म्हणून अंग निरोगी, असेही समजू नये. दुसरा म्हणेल, हंगामात वेळ कुठला? बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, मगच पैसे मोजतो. तो बैल हाकणाऱ्याला कोणी पाहायचे?

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्यात मधुमेहाने बिघडणारा पडदा आणि काचबिंदू हेही आता कागदावर आहेत. पण गावात येणारे शिबिर बहुधा मोतीबिंदू मोजते आणि निघून जाते. पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचे रुग्णालय आहे, पण शेतकरी तिथे पोचतो तो बहुधा उशिरा.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत. एक, शिबिरात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाची बाहुली मोठी करून पडदा पाहावा, आणि त्याच टेबलावर रक्तदाब व साखर मोजावी. दुसरा ठराव आपला आपल्यासाठी. साखर असलेल्याने दरवर्षी पडदा दाखवायचाच. थेंबाने काही तास धूसर दिसते, तेव्हा मोटारसायकल घरी ठेवा आणि सोबत कोणाला तरी न्या.

सोबत घरच्या बाईलाही न्या, आणि तिचेही डोळे तपासून घ्या. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या तिला आजवर कोणी विचारलेले नाही.