पिंपळाचा जमाखर्च

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या रविवारी एका पाहुण्यांनी भाषणात सांगितले, "पिंपळ रात्रंदिवस प्राणवायू देतो, म्हणून तो श्रेष्ठ!" टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो. बाहेर पडताना अकरावी सायन्सची एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकात तर तसं नाही. मी परीक्षेत काय लिहू?"

मी पडलो बी.कॉम. कारकून. तिचेच पुस्तक घरी आणून चार रात्री वाचले. जे समजले ते माझ्या जमाखर्चाच्या भाषेत सांगतो.

झाड आपले अन्न स्वतः तयार करते. मुळे पाणी आणतात. पानावरच्या बारीक छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. पानाच्या पेशींत हरितलवके असतात आणि त्यांत हरितद्रव्य. ते सूर्यप्रकाशातला मुख्यतः तांबडा आणि निळा भाग पकडते. हिरवा त्या मानाने कमी पकडते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते.

ऑफिसातल्या फाइलसारखे हे काम दोन टेबलांवर चालते. पहिल्या टेबलावर उजेड लागतोच. त्या शक्तीने पाणी फुटते. त्यातला प्राणवायू झाड बाहेर सोडते आणि मिळालेली शक्ती एटीपी व एनएडीपीएच या दोन पदार्थांत साठवते. दुसऱ्या टेबलावर ती शक्ती खर्चून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. ही साखळी उलगडल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या टेबलाला थेट उजेड लागत नाही, म्हणून त्याला 'अंधारातली क्रिया' म्हणायची पद्धत पडली. पण माल पहिल्या टेबलावरूनच यायचा असल्याने तेही काम दिवसाच चालते.

आता हिशेब जुळवू. साखरेचा एक रेणू बनतो तेव्हा प्राणवायूचे सहा रेणू, म्हणजे बारा अणू बाहेर पडतात. ते सगळे पाण्यातून आले असतील, तर पाण्याचे बारा रेणू फुटले पाहिजेत. म्हणून पुस्तकात जमेला बारा पाणी लिहितात, आणि दुसऱ्या बाजूला सहा पाणी परत दाखवतात. प्राणवायू पाण्यातूनच येतो हे रुबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन वापरून १९४१ साली दाखवले.

मग रात्री काय? उजेड नाही, तर पाणी फुटत नाही. पाणी फुटत नाही, तर प्राणवायू नाही. पिंपळालाही यातून सूट नाही. निवडुंगासारखी काही झाडे रात्री छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. पण प्राणवायू तीही दिवसाच सोडतात. रात्री सगळीच झाडे आपल्यासारखी नुसता श्वास घेतात. तो इतका थोडा असतो, की झाडाखाली झोपल्याने माणूस गुदमरत नाही.

आपल्या आईवडिलांच्या लहानपणी पिंपळावर मुंजा असतो म्हणून भीती घालत. मुंजा आपण हाकलला आणि त्याच्या जागी रात्रीचा प्राणवायू आणून बसवला. दोन्ही गोष्टी न तपासता मानलेल्या. बोधिवृक्षाचा मान त्याच्याखाली झालेल्या ज्ञानप्राप्तीमुळे आहे. त्याला खोट्या विज्ञानाचा टेकू कशाला?

पालकांनो, घरी एक करून पाहा. तळ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे येताना दिसतील. मग ग्लास अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. बुडबुडे थांबतील. मुलांना आधी काही सांगू नका, त्यांनाच कारण विचारा.

त्या मुलीला मी सांगितले, "बाळ, पुस्तकात आहे तेच लिही, आणि कारणासकट लिही." येत्या रविवारी विहारातल्या फळ्यावर हा हिशेब तीच मांडणार आहे. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत असेन. या वेळी समजून.