घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

‘बापजाद्यांची जागा, परवानगी कशाला?’ जुम्म्याच्या नमाजनंतर नांदेडला ऐका, लातूरला ऐका, हेच. शिकलेलेही हेच म्हणतात.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ सांगतं, घर बांधायचं किंवा पुन्हा बांधायचं तर आधी पंचायतीची परवानगी हवी. नमुना आठवर नाव आहे म्हणून भागत नाही. ती कर आकारणीची नोंद आहे.

पण माझं भांडण पंचायतीशीही आहे. तिथे थकबाकी विचारतात, भिंत कशाची हे विचारत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं कशाखाली मेली? मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद. पुनर्वसनात भूमिहीनांना आणि हेक्टरभर जमीनवाल्यांना २५० चौरस फुटांचं घर मिळालं. पोरं मोठी झाली, सुना आल्या; खोली वाढवावीच लागणार. माझा विरोध जुन्या भिंतीला वीट चिकटवून वर स्लॅब टाकण्याला आहे. लिंटेलला पट्टा नाही, कोपऱ्यात सळई नाही. गवंडी म्हणतो, ‘काही होत नाही, सर.’ फरशी मात्र चकचकीत हवी!

सळईचे पैसे फरशीतून काढा. नकाशा इंजिनिअरकडून घ्या, लिंटेलच्या आणि छताच्या पातळीला सलग पट्टा मागा, अर्जाची पोच सांभाळा. आणि पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: परवानगी दिल्यावर बांधकाम बघायला कोण येतं?